रात्रीचे राग आणि पहिली लोकल

मुंबईच्या उपनगरांत गायन पूर्वी कसे ऐकले जात असे व आज कसे ऐकले जाते, याचा विचार करू लागलो की प्रथम आगगाडीचे वेळापत्रकच आमच्या डोळ्यांपुढे उभे राहते. हे विधान काहीसे चमत्कारिक वाटेल. परंतु पार्ल्यास अथवा मुलुंडास गणेशोत्सवातील रात्रीच्या बैठका ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांस त्यातील मर्म तत्काळ कळेल. मध्यरात्रीनंतरची शेवटची गाडी एकदा निघून गेली म्हणजे दूरच्या श्रोत्यास पहाटे चारच्या सुमाराच्या पहिल्या लोकलवाचून गती नसे. तो आता उठून जात नाही, हे गवयासही ठाऊक असे. त्यामुळे मालकंस घाईने उरकण्याचे कारण पडत नसे, दरबारी आपल्या पावलांनी येई, आणि ललताचे दोन्ही मध्यम कानी पडेपर्यंत पूर्वेस फटफटू लागे. भैरवी संपली की सतरंज्या गुंडाळल्या जात व मंडळी जांभया देत स्टेशनाची वाट धरीत.

देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकरा'त रागांस ऋतू व प्रहर नेमून दिले. आमच्या लहानपणी हा ग्रंथ किती जणांनी पाहिला असेल ते असो. पण त्यातील प्रहरविचार गल्लीतल्या मांडवात अंगी मुरत असे.

घरातील श्रवणाची तऱ्हा निराळी. रेडिओचा परवाना काढावा लागे, आणि यंत्र बाहेरच्या खोलीत उंच फळीवर, विणलेल्या रुमालाखाली विराजमान असे. 1955 च्या 1 एप्रिलपासून वर्षभर आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून माडगूळकर-फडके यांच्या गीतरामायणाची 56 गीते प्रसृत झाली, तेव्हा लोक रेडिओस हार घालीत, असे आम्ही वडील मंडळींकडून ऐकले. 1952 च्या सुमारास केसकर मंत्री असता आकाशवाणीने सिनेमागीतांस दार लावले, तेव्हा तरुणांनी सिलोनचा काटा गाठला. 1957 साली विविधभारती निघाली व ते भांडण मिटले. फोनोच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस सव्वातीन मिनिटांच्या आत-बाहेर जागा असे. तेवढ्यात अब्दुल करीम खाँसाहेबांनी झिंझोटीची ठुमरी जी बसविली, तीत आजही काही उणे वाटत नाही.

मात्र या सर्व काळात गृहिणीच्या वाट्यास काय येई? बाहेर गाणे चालले असता आत पोळ्या लाटल्या जात. अस्ताई माजघरात ऐकू यावी, अंतरा फोडणीच्या आवाजात बुडावा, आणि टाळ्यांवरून गायन संपले असे समजावे! रात्रीच्या बैठकीस गेल्याच, तर मूल रडू लागताच त्यांनाच उठावे लागे. गतकाळाचे गोडवे गाणाऱ्यांनी ही गोष्ट सोयीस्करपणे विसरू नये. पुढे कॅसेटी आल्या, यंत्र ओट्याशेजारी गेले, आणि आमच्या मातोश्रींनी वयाच्या पन्नाशीत एक अख्खा यमन प्रथमच सलग ऐकला. मध्ये कोणी चहा मागितला, तर त्या कळ दाबून गायकास थांबवीत. हा अधिकार त्यांस कोणत्याही मैफलीने दिला नव्हता.

2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले व रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिवर्धकास बंदी आली. सणावारी थोडे दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत असते, व बंदिस्त सभागृहास ही आडकाठी नाही. नियम न्याय्यच आहे. आजारी माणसास व परीक्षेच्या मुलास झोप हवी. पण परिणाम असा की मांडवातील गायन दहाच्या आत आटोपावे लागते. सभागृहासही पुढच्या दिवसाची चिंता असते, आणि श्रोत्यांचे लक्ष मनगटाकडे. म्हणून आज सकाळची म्हणून ओळखली जाणारी भैरवी रात्री पावणेदहास होते, आणि तिला कोणी हसत नाही.

आता प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र सभागृह आहे. घाटकोपरहून वर्सोव्यास जाणारी मेट्रो 2014 साली सुरू झाली. सुमारे अकरा किलोमीटरचे अंतर ती वीस-एकवीस मिनिटांत काटते. तेवढ्यात विलंबित ख्याल मध्य सप्तकात जेमतेम स्थिरावतो, आणि अंधेरी येते. मागे एकदा शेजारच्या तरुणास कुतूहलाने विचारले, तर तो सायंकाळी साडेसहास भैरव ऐकत होता. त्याची जाण चांगली होती. कोमल ऋषभाच्या आंदोलनाविषयी तो नेमके बोलला. मात्र तो ज्या जागेस मान हलवीत होता, ती जागा शेजाऱ्यास कळत नव्हती. अभिनवगुप्ताने ज्यास 'सहृदय' म्हटले, तो या डब्यात एकटा बसतो. याउलट चर्चगेट-विरार मार्गावरील भजनी मंडळ्या अजूनही टाळांच्या जोडीस डब्याचा पत्रा वाजवितात. त्यांचा सूर नेहमी लागतोच असे नाही, परंतु शेजारी निदान पाय हलवितो, नाहीतर कपाळास आठ्या घालतो.

एक दार मात्र पुन्हा उघडले आहे. दिवाळीत पार्ले, मुलुंड, बोरिवली येथील नाट्यगृहांतून पहाटेचे कार्यक्रम होतात. अभ्यंगस्नान करून, अंगास उटण्याचा वास असताना श्रोते सहास येऊन बसतात. पुष्कळदा नाट्यगीते व भावगीतेच होतात. तरी एखादा गायक आरंभी भैरव वा रामकली घेतो, आणि राग आपल्या घरी आल्यासारखा वाटतो. मालकंसास असा सण नाही. गेल्या खेपेस आम्ही तो मुलुंडास ऐकला तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते, आणि बाहेर भेळवाल्याची गाडी नुकती लागली होती.