हजारे बडोद्याला गेले तेव्हा

बार्शीत क्रिकेटचा वाद रंगायला सामना चालू असावाच लागतो, असे नाही. भगवंताच्या देवळाकडून बाजारपेठेत शिरणाऱ्या रस्त्यावर चहाचा एक पेला आणि दोन विरुद्ध मते एवढे भांडवल पुरते. नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरात टायटन्सने आपला कर्णधार हार्दिक पांड्या मुंबई इंडियन्सला देऊन टाकला, तेव्हा महाराष्ट्रातील बहुतेक गावांप्रमाणे येथेही दोन तट पडले. पहिल्याच हंगामात विजेतेपद आणि दुसऱ्यात उपविजेतेपद मिळवून देणारा नायक कोणी सोडतो का, हा एका तटाचा प्रश्न. ज्याचे मन संघात उरलेले नाही त्याला धरून ठेवून काय साधणार, हा दुसऱ्याचा. पुढच्या हंगामात मुंबई दहा संघांत शेवटची आली, गुजरात आठवे आले आणि दोन्ही तटांना आपापलेच म्हणणे खरे ठरल्यासारखे वाटले. निकालावरून निर्णयाची किंमत ठरवण्याचा हा मोह जुना आहे. त्याचे सर्वांत मोठे मराठी उदाहरण मात्र या वादात क्वचितच कोणाला आठवते.

ते उदाहरण विजय सॅम्युअल हजारे यांचे.

बार्शीच्या तरुणाने त्याकडे विशेष लक्ष द्यावे असे एक कारण आहे. क्रिकेटच्या नकाशावर बार्शी मुंबईत येत नाही. सोलापूर जिल्हा रणजी करंडकात महाराष्ट्र संघाच्या पदरात पडतो. हा तोच संघ, ज्याने करंडक केवळ दोनदा जिंकला, १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये. त्यानंतर आजतागायत एकदाही नाही. त्या दोन्ही वर्षी हजारे महाराष्ट्राकडून खेळत होते आणि १९४१-४२ पासून ते बडोद्याचे झाले. दोन तारखा अशा शेजारी मांडल्या की आरोपपत्र जणू आपोआप तयार होते.

हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत, एका शाळामास्तरांच्या घरी झाला. बार्शीहून ते गाव त्या काळी वाटते तितके दूर नव्हते. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांवरची गाडी १८९७ मध्ये बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शीपर्यंत आली होती आणि १९२७ पर्यंत तिचा दुसरा फाटा पंढरपूरमार्गे मिरजेला पोचला होता. मिरजेच्या पलीकडे सांगली. हजारे बारा-तेरा वर्षांचे होते तेव्हा ही सगळी गावे एकाच छोट्या रुळाने जोडलेली होती.

१९३४-३५ मध्ये रणजी करंडक सुरू झाला, त्या पहिल्याच हंगामात हजारे महाराष्ट्राकडून उतरले. मधल्या काळात ते मध्य भारताच्या संघातूनही खेळले. हे मुद्दाम सांगायला हवे, कारण ‘आपला माणूस’ पहिल्यांदा बडोद्यालाच गेला, अशी समजूत करून घेणे सोयीचे असले तरी खरे नाही. ऑस्ट्रेलियाचे लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले, तेही संस्थानी आश्रयामुळेच. ज्या काळात खेळाडूला पगार देणारा क्लब नव्हता, त्या काळात राजवाडा हाच क्लब होता.

मग आला १९३९-४० चा हंगाम. पुण्यात हजारे यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी करंडकातील ते पहिले त्रिशतक. समोरचा संघ होता बडोदा! ज्यांच्या गोलंदाजांना त्यांनी इतके झोडपले, त्यांच्याच तंबूत दोन वर्षांनी ते जाऊन बसले. बडोद्याच्या राजवाड्याने काय पाहिले असेल, हे सांगायला इतिहासकाराची गरज नाही.

महाराष्ट्राचे कर्णधार तेव्हा दिनकर बळवंत देवधर होते. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक देवधर १९४० मध्ये अठ्ठेचाळीस वर्षांचे होते आणि त्याच वर्षी त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. पहिल्या अंतिम सामन्यात संयुक्त प्रांत हरला, दुसऱ्यात मद्रास. संघ मनाने बळकट होता, खिशाने नव्हता. कर्णधारच अध्यापनावर घर चालवत असेल, तर तो आपल्या सर्वोत्तम फलंदाजाला कसली नोकरी देणार?

बडोद्याकडे ती देण्याची ताकद होती. १९३९ मध्ये प्रतापसिंहराव गायकवाड गादीवर आले होते आणि हजारे संस्थानच्या सेवेत दाखल झाले. एखाद्या प्रांताकडून खेळायचे तर तेथला जन्म किंवा तेथले वास्तव्य लागे आणि संस्थानची नोकरी वास्तव्याची अट आपसूक पुरी करी. या व्यवहारात लिलाव नव्हता, करार नव्हता, अदलाबदलीत दुसरा खेळाडू मिळण्याचा प्रश्नच नव्हता. महाराष्ट्राने हजारे यांना ‘सोडले’ हे क्रियापदच मुळात चुकीचे आहे. सोडण्यासाठी आधी धरलेले असावे लागते.

बडोद्याला काय मिळाले, हे आकडे सांगतात. १९४२-४३, १९४६-४७, १९४९-५० आणि १९५७-५८ असे चार करंडक. त्यांतील १९४७ च्या मार्चमधला अंतिम सामना बडोद्यातच, होळकर संघाविरुद्ध झाला. तीन बाद ९१ अशा अवस्थेत गुल महंमद आणि हजारे एकत्र आले आणि त्यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. बडोद्याने ७८४ धावा उभारल्या, होळकर २०२ आणि १७३ मध्ये आटोपले, विजय एक डाव आणि ४०९ धावांनी. कोणत्याही गड्यासाठीची जगातील ती सर्वांत मोठी भागीदारी २००६ पर्यंत अबाधित राहिली. त्या वर्षी महेला जयवर्धने आणि कुमार संगकारा यांनी ६२४ धावा जोडून ती मागे टाकली.

येथवर पहिला तट टाळ्या वाजवील. आता दुसरी बाजू.

हजारे गेले म्हणून महाराष्ट्राची फलंदाजी ओस पडली, असे म्हणणे पुराव्यापुढे टिकत नाही. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते, महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ या विक्रमाला ओलांडायला दहा धावा हव्या होत्या. काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब यांनी सामना तेथेच सोडून दिला आणि निंबाळकर तसेच परतले. कसोटी संघात त्यांना कधीच स्थान मिळाले नाही. त्याच डावात त्यांच्यासोबत कमल भांडारकर यांनी २०५ काढल्या होत्या. याच हंगामातील उपांत्य सामन्यात मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४ अशा राशी उभारल्या, तेव्हा महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४ असे उत्तर दिले. एकाच सामन्यात २३७६ धावा आणि नऊ शतके! हरलेल्या महाराष्ट्राकडून त्यांतली चार आली, त्यांतले एक देवधरांच्या मुलाचे, शरद देवधर यांचे.

महाराष्ट्राचे दुखणे या सामन्याच्या धावफलकातच, जरा खालच्या ओळीत सापडते. मुंबईकडून त्या सामन्यात १३१ आणि १६० अशी दोन शतके काढणारे दत्तू फडकर जन्माने कोल्हापूरचे. त्यांच्या कारकिर्दीचा आरंभ महाराष्ट्राकडूनच झाला होता. महाराष्ट्राकडून खेळलेले रंगा सोहोनी पुढे बडोदा आणि मुंबईकडूनही खेळले. खंडू रांगणेकर मुंबई आणि होळकर संघांतही दिसतात. नाबाद ४४३ काढणारे निंबाळकर स्वतः पुढे होळकरांकडे गेले. खुद्द सोलापुरात १९२६ मध्ये जन्मलेले पॉली उम्रीगर मुंबईचे आधारस्तंभ झाले. हजारे यांचे जाणे म्हणजे धरणाची एकच फट नव्हे, पाणी सगळीकडूनच झिरपत होते. एका नावावर सगळा राग काढला की बाकीच्या फटी दिसेनाशा होतात, आणि चाहत्यांच्या वादाचा हा नेहमीचाच दोष आहे.

मुंबईला हे जमले कसे? तिच्याकडे महाराजा नव्हता. तिच्याकडे कचेऱ्या होत्या. बँका, गिरण्या, मोठ्या कंपन्या आपापले संघ बाळगत, टाइम्स शिल्डसाठी ते आपसांत लढत आणि चांगल्या फलंदाजाला महिन्याचा पगार मिळे. बडोद्यात राजाने जे एका आज्ञेने केले, ते मुंबईत शंभर कचेऱ्यांनी मिळून केले. संस्थाने विलीन झाल्यावर राजाश्रय आटला आणि होळकर संघाचे नावही काही वर्षांत पुसले गेले. मुंबईच्या कचेऱ्या मात्र उघड्याच राहिल्या. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे करंडक मुंबईकडे होता, याचे मूळ मैदानाइतकेच हजेरीपटातही शोधावे लागते.

या पंधरा वर्षांतील एक अंतिम सामना तर बार्शीच्या वादात पुराव्यादाखल मांडण्याजोगा आहे. १९७०-७१ मध्ये मुंबईसमोर महाराष्ट्रच होता. गावस्कर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर हे मुंबईचे मोहरे वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर गेलेले. तीस वर्षांनी करंडक पुन्हा पुण्याला नेण्याची याहून सोपी संधी येणे कठीण. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखालील उरलेल्या मुंबईने तो सामना जिंकला. एक तारा गेल्याने महाराष्ट्र बुडाला म्हणणाऱ्यांनी, चार तारे नसतानाही मुंबई का तरली, याचे उत्तर द्यायला हवे. महाराष्ट्र त्यानंतर १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्येही अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि दोन्ही वेळा उपविजेता राहिला.

आणि हजारे यांच्या बाजूने? शाळामास्तरांच्या मुलाने, सत्ताविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, युद्धाच्या महागाईत, खेळत राहता येईल अशी कायमची नोकरी स्वीकारली. याला निष्ठेचा अभाव म्हणणे हे पोट भरलेल्या माणसाचे बोलणे आहे. बार्शीतून कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलांना गावात कोणी फितूर म्हणत नाही, सणाला ती परत आली की त्यांचे कौतुकच होते. हजारे यांनी १९४८ मध्ये ॲडलेडला एकाच कसोटीत ११६ आणि १४५ अशी दोन शतके केली आणि १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडला नमवून भारताला पहिला कसोटी विजय मिळवून दिला, तेव्हा सांगलीने आणि बडोद्याने, दोघांनीही ते आपले मानले. शिवाय परतफेड म्हणावी असे एक वळणही या कथेत आहे. पुण्यात जन्मलेल्या चंदू बोर्डे यांनी सुरुवातीची वर्षे बडोद्याच्या संघात, हजारे यांच्या सहवासात काढली आणि नंतर ते महाराष्ट्राकडे आले.

हजारे आणि देवधर, दोघांचीही नावे देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धांना दिली गेली. २८ नोव्हेंबर २०२२ रोजी अहमदाबादला विजय हजारे करंडकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात महाराष्ट्राच्या ऋतुराज गायकवाडने उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात, एका नोबॉलसह, सात षटकार मारून नाबाद २२० धावा काढल्या. उपांत्य सामन्यातही त्याचे शतक झाले, अंतिम सामन्यातही झाले. तो अंतिम सामना महाराष्ट्र पाच गड्यांनी हरला. हजारे यांच्या नावाचा करंडक घेऊन गेला सौराष्ट्र, म्हणजे १९४८ साली पुण्यात सामना सोडून गेलेल्या काठियावाडचा वारसदार.