रक्तातले दुग्धाम्ल

तारकर्लीच्या किनाऱ्यावर दंड भरून येईपर्यंत रापण ओढताना रक्तातले दुग्धाम्ल वाढते. विसाव्याने ते उतरते. आमचे मामा जन्मभर रापण ओढत आले. मात्र मेंदूतील गाठीच्या शस्त्रक्रियेत, हातपाय निश्चल असतानाही, दोनच्या आत असावा तो आकडा चारवर गेला. मेंदूला प्राणवायू कमी पडला की काय, या धास्तीने आम्ही सुन्न झालो. डॉक्टर म्हणाले, “प्राणवायू, रक्तदाब उत्तम होते. बहुधा गाठीचेच हे काम.” प्राणवायू असूनही अर्बुदाच्या पेशी साखरेचे दुग्धाम्ल करतात, हे ऑटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखविले होते. मामी म्हणाली, “म्हंजे ती गाठच आतून रापण ओढी होती!” दुसऱ्या दिवशी आकडा उतरला, मामांनी पेज मागितली. आकडा खरा असतो, पण त्याचा अर्थ माणूस पाहूनच लावावा लागतो.