सेनगाव ते नेमगिरी : गुडघा, गादी आणि काळी सायकल

मराठवाड्याच्या उत्तर कडेला, विदर्भाची वेस जेथे अगदी जवळ येते, तेथे सेनगाव वसले आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या पाच तालुक्यांपैकी एकाचे हे मुख्य ठिकाण. पूर्वेला हिंगोलीच्या वाटेवर कयाधूच्या काठी संत नामदेवांचे नर्सी, उत्तरेला रिसोड, आणि नैर्ऋत्येला पूर्णा नदीवरील येलदरी धरण ओलांडून जिंतूर. भूमी काळी, पण सपाट नव्हे. अजिंठ्याच्या डोंगररांगांचे फाटे या मुलखात उतरलेले असल्याने रस्ता सतत थोडा चढतो, थोडा उतरतो. बसमध्ये बसलेल्याला तो चढ जाणवत नाही. सायकलवर बसलेल्याला मात्र त्याचा प्रत्येक हात ठाऊक असतो.

जैन यात्रेकरूच्या दृष्टीने या गावाचे स्थान मोठे विलक्षण आहे. उत्तरेकडे रिसोडमार्गे पुढे गेले की वाशीम जिल्ह्यातील शिरपूर येते. तेथे अंतरिक्ष पार्श्वनाथ विराजमान आहेत. नैर्ऋत्येकडे पस्तीस-चाळीस किलोमीटरवर जिंतूर आणि त्याच्या लगत नेमगिरीच्या गुंफा. तेथेही भगवान नेमिनाथांबरोबर पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे आणि एवढा भार एका लहानशा दगडावर तोललेला आहे, अशी श्रद्धा आहे. दोन पार्श्वनाथांच्या मध्ये हे बाजाराचे गाव उभे आहे.

या गावच्या आणि आसपासच्या पेठांतील व्यापारी घराण्यांत सायकल ही एके काळी दुकानाचाच एक भाग होती. आठवडी बाजाराला जायचे, खेड्यावरची उधारी वसूल करायची, कापडाचा नमुना पोहोचवायचा, तर काळी, जड, सरळ दांड्याची सायकल काढायची. त्या पिढीतील काही गृहस्थांनी घरात मोटार आल्यावरही सायकल सोडली नाही. या लेखातील शेठजी म्हणजे कोणी एक विशिष्ट व्यक्ती नव्हे. मराठवाड्यातील कोणत्याही पेठेत शोधल्यास असे एक तरी गृहस्थ सापडतील. वय सत्तरीच्या आसपास. सकाळी देवदर्शन, नंतर दुकान, आणि दिवाळीनंतर थंडी पडली की एकदा सायकलवरून नेमगिरी. हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम.

अशा शेठजींचा गुडघा एके वर्षी बोलू लागतो. आरंभी जिना उतरताना, मग सामायिकाला बसताना, आणि शेवटी सायकलच्या पायट्यावर जोर देताना. घरातील मुले लगेच निदान करतात, ‘‘बाबा, आता सायकल बंद करा. चाळीस वर्षं चालवली, गुडघे झिजणारच.’’ सायकल ओसरीत भिंतीला टेकते, तिच्यावर पोते टाकले जाते, आणि शेठजी दिवसभर गादीवर बसून राहतात. सहा महिन्यांनी गुडघा अधिकच दुखतो.

येथे मूळ प्रश्न उभा राहतो. दोषी कोण, सायकल की गादी?

बर्लिन येथील संशोधकांनी या प्रश्नाच्या जवळ जाणारी मोजणी केली आहे. कृत्रिम गुडघा बसवलेल्या रुग्णांच्या सांध्यातच त्यांनी भार मोजणारी सूक्ष्म उपकरणे ठेवली. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, असे त्यांना दिसले. जिना चढताना तो तिपटीच्या वर जातो आणि उतरताना साडेतीन पटीच्या जवळ पोहोचतो. सायकल हलक्या जोराने चालवताना मात्र हा भार वजनाच्या एक पटीहून थोडाच अधिक असतो, कारण शरीराचा बहुतेक भार सीटवर विसावलेला असतो. याचा अर्थ असा की नेमगिरीच्या वाटेवर शेठजींच्या गुडघ्याची खरी परीक्षा रस्त्यावर होत नाही. ती टेकडी उतरताना होते.

अमेरिकेत २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी चौसष्ट वर्षे वयाच्या २६०७ स्त्री-पुरुषांना आयुष्यभरातील सायकलच्या सवयीविषयी विचारले गेले. ज्यांनी कधी ना कधी नियमित सायकल चालवली होती, त्यांच्यात गुडघेदुखी आणि झिजेची लक्षणे इतरांपेक्षा कमी आढळली. सायकलमुळेच गुडघे वाचले असे यातून सिद्ध होत नाही, कारण ज्यांचे गुडघे मुळातच चांगले तेच सायकलवर टिकले असतील. परंतु ‘चाळीस वर्षे चालवली म्हणून झिजले’ या सरसकट निष्कर्षाला हा अभ्यास आधार देत नाही, एवढे निश्चित.

आता गादीचा विचार करावा. पेढीवरची पांढरी गादी, मागे लोड, पुढे गल्ला, ही व्यापारी घराण्यांची शोभा आहे. परंतु तिच्यावर मांडी घालून बसले की गुडघा जवळजवळ पूर्ण दुमडतो आणि वाटीमागील कूर्चेवरचा दाब वाढतो. ग्राहक आला की उठायचे, फडताळातून माल काढायचे, पुन्हा बसायचे. झिजू लागलेल्या गुडघ्याला ही दिवसभराची उठबस फार महाग पडते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगण हालचालीने तिच्यात मुरते आणि त्यावरच तिचे पोषण होते. तासन्‌तास एकाच स्थितीत दुमडून ठेवलेला गुडघा या पोषणाला मुकतो. सायकल बंद करून गादी कायम ठेवणे म्हणजे औषध सोडून कुपथ्य चालू ठेवण्यासारखे आहे.

तरीही सायकल सर्वस्वी निर्दोष आहे असे म्हणता येत नाही. जुन्या सवयीने सीट फार खाली ठेवलेली असते, म्हणजे थांबताना दोन्ही पाय जमिनीला टेकावेत. सीट खाली असली की पायटा वर येताना गुडघा अधिक दुमडतो आणि वाटीच्या पुढच्या बाजूला दुखते. उलट सीट फार उंच झाली तर गुडघ्यामागील शिरा ताणल्या जातात. योग्य उंची ठरवण्याची रीत सोपी आहे. सीटवर बसून टाच पायट्यावर ठेवावी आणि पायटा तळाला न्यावा. पाय नेमका सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायटा मारताना गुडघ्यात हलकासा बाक राहतो. तो बाक सुमारे पंचवीस ते पस्तीस अंशांचा असावा, असे जाणकार मानतात. नव्या उंचीवर पाय जमिनीला पुरते टेकत नाहीत, म्हणून थांबताना सीटवरून पुढे उतरण्याची सवय लावून घ्यावी लागते. सत्तरीत नवी सवय लावणे अवघड असले, तरी अशक्य नसते.

दुसरा दोष जोराचा. काळ्या सायकलला एकच गती. येलदरीकडे जाताना रस्ता उभा राहिला की शेठजी दात-ओठ खाऊन पायट्यावर उभे राहतात. नेमका हाच क्षण गुडघ्याला घातक. गावातला सायकल दुरुस्त करणारा कारागीर यावर साधा उपाय सांगू शकतो. मागचे अठरा दातांचे फ्रीव्हील काढून बावीस दातांचे बसवावे. मग त्याच चढावर पायाला पूर्वीच्या सुमारे चार-पंचमांश एवढाच जोर लागतो. सपाटीवर वेग थोडा घटतो आणि पाय अधिक वेळा फिरवावे लागतात. पण हलक्या जोराने अधिक फेरे हेच दुखऱ्या गुडघ्याचे पथ्य आहे. ज्या चढावर दम लागून बोलणेही होत नाही, तेथे उतरून सायकल हातात धरून चालावे. त्यात कमीपणा नाही.

गुडघेदुखीच्या बाजारात जैन कुटुंबांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. ‘कूर्चा वाढवणाऱ्या’ म्हणून खपणाऱ्या गोळ्यांतील ग्लुकोसामाइन बहुधा खेकडे व कोळंबी यांच्या कवचांपासून काढलेले असते. काँड्रॉइटिन गुरांच्या किंवा शार्क माशाच्या कूर्चेपासून, कोलाजेन जनावरांच्या कातड्यापासून किंवा माशांपासून, आणि अनेक कॅप्सूलचे बाह्य आवरण जिलेटिनचे. वनस्पतिजन्य ग्लुकोसामाइनही मिळते, परंतु ते मागावे लागते. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर हिरवे वा तपकिरी चिन्ह पाहता येते. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटावर ते असेलच असे नाही. ज्या घरात कंदमुळेही वर्ज्य आहेत, त्या घरातील आजोबांच्या उशाशी अशी बाटली नकळत वर्षानुवर्षे असू शकते. आणि एवढे करून लाभ किती? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत १५८३ रुग्णांवर या दोन्ही द्रव्यांचा प्रयोग झाला. एकंदर रुग्णांत त्यांचा परिणाम नुसत्या बनावट गोळीहून लक्षणीयरीत्या सरस ठरला नाही.

वेदनाशामक गोळ्यांविषयीही सावधगिरी हवी. उपवासात, आयंबिलात किंवा पर्युषणातील दीर्घ तपश्चर्येत रिकाम्या पोटी आणि कमी पाण्यावर अशी गोळी घेतल्यास जठराला व मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. रक्तदाब वा मधुमेह असलेल्यांना धोका अधिक. सूर्यास्तापूर्वी आहार-पाणी संपवणाऱ्यांनी आपली वेळापत्रके डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावीत. गुडघा सुजून गरम झाला, अडकू लागला, चालताना अचानक दगा देऊ लागला, रात्री विश्रांतीतही दुखत राहिला, किंवा ताप आला, तर घरगुती उपाय थांबवून तपासणी करून घेणेच योग्य. शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली आणि नेहमीच्या प्रकारच्या सांध्याची किंमत तेव्हा ५४,७२० रुपये अधिक कर अशी ठरवली, हे व्यापारी माणसाला ठाऊक असावे. सांध्याची किंमत आणि रुग्णालयाचा एकूण खर्च या दोन वेगळ्या रकमा आहेत. बिल वाचण्याची सवय येथेही उपयोगी पडते.

मात्र त्या टोकापूर्वी पुष्कळ काही करता येते. मांडीचे पुढचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याचा भार ते वाटून घेतात. त्यासाठी खुर्चीवर बसून पाय सरळ करून काही क्षण धरून ठेवणे, आणि उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, एवढेही पुरते. वजन एक किलो घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी, हे आपल्याकडील बाह्य तप आहे. गुडघ्याच्या दृष्टीने ते उत्तम पथ्यही ठरते.

राहता राहिला सामायिकाचा प्रश्न. शेठजींना सर्वांत मोठे दुःख सायकलचे नसते. अठ्ठेचाळीस मिनिटे मांडी घालून बसता येत नाही आणि वंदनासाठी गुडघे टेकता येत नाहीत, हे असते. देवळात सगळे खाली बसलेले असताना आपण एकट्यानेच खुर्ची मागायची, याची लाज वाटते. परंतु तीर्थंकरांच्या प्रतिमांची रूपे दोन आहेत. एक पद्मासन, दुसरे खड्गासन. उभ्याने केलेला कायोत्सर्गही ध्यानच आहे. ज्या परंपरेने उभे राहण्याला एवढी प्रतिष्ठा दिली, ती खुर्चीवर स्थिर बसलेल्या वृद्धाला परके मानील असे वाटत नाही. सामायिकात मुख्य गोष्ट समता. दुखणारा गुडघा चित्त सतत आपल्याकडे ओढत असेल, तर त्याला सरळ ठेवणे हे साधनेच्या हिताचेच आहे.

आणि नेमगिरी? श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. कोणत्या दिशेला किती दूर जायचे याची मर्यादा माणसाने स्वतःच आखून घ्यायची. व्यापाराचा आणि परिग्रहाचा पसारा आवरण्यासाठी ते सांगितले आहे, पण वाढत्या वयात त्याचा एक वेगळाच अर्थ उमगतो. मर्यादा मुलांनी लादली तर ती बंदी वाटते. स्वतः आखून घेतली तर तिचे व्रत होते.

म्हणून एखाद्या मार्गशीर्षातल्या सकाळी असे दृश्य दिसू शकते. सोयाबीन निघून गेलेल्या रानात हरभरा वर आला आहे, तुरीला शेंगा धरल्या आहेत, हळदीची पाने पिवळी पडू लागली आहेत. शेठजी सायकलवरून निघाले आहेत. सीट चार बोटे उंच, मागे नवे फ्रीव्हील, चढ आला की खाली उतरणे. येलदरीपाशी पूर्णेचे पाणी दिसते तेथे त्यांचा मुलगा मोटार घेऊन उभा आहे. येथपर्यंत सायकल, येथून पुढे मोटार, असे दोघांचे ठरले आहे. मुलाला वाटते बाबांनी अखेर ऐकले. बाबांना वाटते मुलाने अखेर ऐकले.

नेमगिरीला शेठजी काठी टेकत सावकाश टेकडी चढतात. गुंफेच्या ठेंगण्या दारातून आत जाताना मुलगा हात देतो आणि ते तो घेतात. आत, एवढासा दगड एवढा मोठा भार तोलून आहे असे ज्या मूर्तीविषयी पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले, तिच्यासमोर ते गुडघे न टेकता, हात जोडून उभे राहतात. परतीच्या वाटेवर, टेकडी उतरताना, प्रत्येक पाऊल दुखऱ्या पायाने आधी टाकायचे हे त्यांना आता पाठ झाले आहे.

सेनगावला पोहोचल्यावर पेढीवर एक बदल ग्राहकांच्या लक्षात येतो. लोड आणि गादी तशीच आहे, पण ती आता एका उंच चौरंगावर मांडली आहे, आणि शेठजी पाय खाली सोडून बसले आहेत.