तोरंगण घाटाच्या अलीकडे

ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर १० मीटर. टीएसडी रॅलीत नव्याने बसणाऱ्या नॅव्हिगेटरला हे आधी पाठ करायला लावतात, कारण मग पुढचं सगळं तोंडी जमतं. किलोमीटरला १०० सेकंद, वळणावर चार सेकंद गेले तर पुढच्या पट्ट्यात ते अलगद भरून काढायचे. वेळ, वेग आणि अंतर आधीच ठरवून दिलेल्या या प्रकारात सुसाट जाणाऱ्याला काही मिळत नाही. गुप्त चौकीवर उशिरा पोचलं तर दंड, लवकर पोचलं तरी दंड.

सरावाला जव्हार-मोखाड्याचा रस्ता उत्तम. साधारण साडेचारशे मीटर उंचीवरचं जव्हार सोडलं की चढ-उतार आणि वळणं सुरू होतात, ती मोखाड्यापर्यंत संपत नाहीत; पुढे तोरंगण घाट त्र्यंबककडे चढतो. पावसाळा सरला की नाचणी-वरईच्या उतारांवरून वाहून आलेली बारीक खडी वळणांच्या आतल्या कडेला साचून राहते. सरासरी राखणं इथे खरंच अवघड आहे.

एका शनिवारी अशीच एक हौशी जोडी इथे उतरली होती. चालक ठाण्याचा, नॅव्हिगेटर नाशिकचा. गाडी म्हणजे चालकाची रोजची हॅचबॅक. सोमवारी तिनेच त्याला कामावर न्यायचं. शनिवारी ट्रिपमीटर रस्त्याशी जुळवून घ्यायचा आणि मोखाड्यापर्यंत जाऊन यायचं, रविवारी तोरंगण घाट, असा बेत होता. मोखाड्याच्या अलीकडे एका उजव्या वळणावर पुढच्या डाव्या चाकातून आवाज आला. कट, कट, कट. सरळ रस्त्याला लागताच बंद. पुढच्या उजव्या वळणावर पुन्हा.

नॅव्हिगेटरने आकडे वाचणं थांबवलं. चालकाने गाडी रुंद जागेत घेतली, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलं आणि दोघंही चाकाशी वाकले. एक्सलवरचा रबरी बूट घडीपाशी बोटभर फाटला होता. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे गोलाकार उडाले होते आणि त्यावर तांबडी धूळ चिकटली होती. बोटांत धरून चोळलं की ती धूळ कचकचत होती.

पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत चाकाला वळता वळता ताकद पोचवतो तो या बुटाच्या आतला जॉइंट. त्यात पोलादाच्या सहा गोळ्या खोबणींत फिरतात आणि त्यांना जपतं ते ग्रीस. बूट फाटला की चाकाच्या फिरण्याने ग्रीस बाहेर फेकलं जातं, खडीची पूड आत शिरते आणि गोळ्या खोबणी कुरतडू लागतात. सपाटीवर असा जॉइंट बरेच दिवस कुरकुरत का होईना, चालतो. घाटात मात्र स्टिअरिंग पूर्ण वळलेलं, गिअर पहिला, पाय अॅक्सिलरेटरवर. म्हणजे सांध्याचा कोन सर्वांत मोठा आणि भारही सर्वांत जास्त. तिथे तो तुटला तर डिफरन्शियल सगळी फिरकी तुटलेल्या बाजूला सोडून देतं. इंजिन ओरडत राहतं, गाडी हलत नाही, आणि गिअरमध्ये टाकूनही उतारावर थांबत नाही. फक्त हँडब्रेक, आणि चाकामागे दगड.

रॅलीच्या इतिहासात अशा क्षणांचा राजा कार्लोस साइन्झ. नोव्हेंबर १९९८, ब्रिटनमधली रॅली, शेवटचा टप्पा. समाप्तीरेषा काहीशे मीटरवर असताना त्याच्या टोयोटा कोरोलाचं इंजिन गेलं. विश्वविजेतेपद आधीच बाद झालेल्या टॉमी मॅकिनेनकडे गेलं आणि नॅव्हिगेटर लुइस मोयाने हेल्मेट आपटून गाडीची मागची काच फोडली. तो रस्ता शर्यतीसाठी बंद केलेला होता. मोखाड्याचा रस्ता बंद नसतो.

या जोडीचा निर्णय म्हणूनच मोलाचा वाटतो. जॉइंट अजून धरून होता आणि रविवारचा घाट कदाचित निघूनही गेला असता. नॅव्हिगेटर तसं म्हणालाही, "अरे, हळू घेऊ." चालकाने मान हलवली. याच रस्त्याने एसटी जाते, काळी-पिवळी जीप माणसं भरून जाते, मोखाड्याहून जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयाकडे रुग्णवाहिका धावते. अरुंद वळणावर अडकलेली हौशी गाडी या सगळ्यांचा वेळ खाते. रुग्णवाहिकेत बाळंतीण असेल तर काय, हा प्रश्न रोडबुकात नसतो, पण चालकाच्या डोक्यात असायलाच हवा. हिमालयन रॅली सुरू करणारे मुंबईचे नझीर हुसेन यांच्यापासून आजच्या हौशी पोरांपर्यंत या खेळाची सगळी मजा दुसऱ्यांच्या रस्त्यांवर उभी आहे.

परत जव्हारला येताना वळणांवर पाय अॅक्सिलरेटरवरून काढायचा आणि सरळ झाल्यावरच ओढ द्यायची, असं करत गाडी आणली. नॅव्हिगेटर आता सेकंद मोजत नव्हता, तो कान देऊन बसला होता आणि कटकट कुठल्या कोनावर सुरू होते ते चालकाला सांगत होता. खरं तर तेही नॅव्हिगेशनच.

गॅरेजवाल्याने जॉइंट उघडून गोळ्या पत्र्याच्या थाळीत काढल्या. तीन चकचकीत, तीन करड्या. खोबणीवर नख फिरवलं की अडकत होतं.

"दादा, नुसता बूट बदलून ग्रीस भरू का?" चालकाने विचारलं.

"भरा की. पण आवाज राहणार, आणि घाटात मी जबाबदारी घेणार नाही."

या गाडीचा एक्सल जव्हारमध्ये मिळाला नाही. नाशिकला फोन केला तर नवा सोमवारी दुपारनंतर मिळेल असं कळलं. भंगारातल्या गाडीचा चांगला निघालेला मात्र रविवारी सकाळीही हातात पडणार होता, निम्म्याहून कमी पैशांत. गाडी गॅरेजच्या अंगणात ठेवून दोघं नाशिकच्या एसटीत बसले. नवाच घ्यायचा, असं चालकाचं म्हणणं. नॅव्हिगेटरला जुना चालणार होता, फक्त खोबणी स्वतः बघून घ्यायची. मोखाडा मागे पडलं तरी त्यांचं एकमत झालेलं नव्हतं.