अमिनो ॲसिडचा डबा आणि आपला दस्तरखान

परतूरसारख्या तालुक्याच्या गावातही आता जिम निघाल्या आहेत आणि त्यांच्यासोबत अमिनो ॲसिडचे डबेही आले आहेत. मुले व्यायाम करतात, गुटख्यापासून दूर राहतात, याचा शिक्षिका म्हणून मला आनंदच आहे. प्रश्न डब्याचा आहे. मागे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई भेटायला आली. शिलाई मशीनवर घर चालवणारी बाई. म्हणाली, "बाजी, पोरगा तीन हजारांचा डबा मागतोय. त्याशिवाय अंग भरत नाही म्हणे. काय करू?" तिला जे सांगितले, तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

अमिनो ॲसिड हे काही निराळे औषध नाही. डाळ, अंडे, गोश्त यांतली प्रथिने पचताना त्यांचे जे बारीक घटक होतात, तेच अमिनो ॲसिड. त्यांतूनच शरीर स्नायू बांधते, जखम भरून काढते. एकूण वीसपैकी नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळवावी लागतात. डब्यात यांतलीच काही असतात.

आपल्या ज्वारीत आणि गव्हात लायसिन हे अमिनो ॲसिड कमी असते, पण डाळीत ते भरपूर. उलट डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात मिळते. म्हणून भाकरीबरोबर वरण खाल्ले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. आपला खिचडा घ्या. गहू, डाळी आणि गोश्त एकाच देगेत! नऊच्या नऊ अमिनो ॲसिड त्यात येतात.

आता हिशेब करू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या मुलाला साधारण ५० ग्रॅम. दिवसभरात २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी (२० ग्रॅम), ५० ग्रॅम तुरीची डाळ (११), दोन अंडी (१२) आणि मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे (७). झाले ५० ग्रॅम. जास्त मेहनत करणाऱ्याने वर ग्लासभर दूध आणि सोयाबीनच्या वड्या घ्याव्यात. आपल्या भागातल्या शेतात सोयाबीन पिकते आणि आपल्याच ताटात ते नसते! मात्र सोयाबीन नीट शिजवूनच खावे, कच्चे पचत नाही.

याच परिषदेने आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पावडर टाळा, असे सांगितले आहे. अनेक पावडरींत साखर आणि कृत्रिम स्वाद मिसळलेले असतात.

जास्त घेतले म्हणजे जास्त फायदा, असेही नाही. १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन यांनी ज्वारीवरच गुजराण करणाऱ्यांत दिसणाऱ्या पेलाग्रा या रोगाचा अभ्यास केला. ज्वारीतले ल्युसिन प्रमाणाबाहेर गेल्याने हा रोग होतो, असे त्यांचे मत होते. पुढे त्यावर शास्त्रज्ञांत वाद झाला; पण अमिनो ॲसिडचा तोल महत्त्वाचा, हा विचार त्यातून पुढे आला. जिममधल्या डब्यांत ल्युसिनच मुख्य असते.

मग डबा कुणालाच नको का? तसे नाही. ऑपरेशननंतर अशक्त झालेले, जेवण न जाणारे वृद्ध, डायलिसिसवरचे रुग्ण यांना डॉक्टर अशी पावडर देतात आणि तिचा उपयोगही होतो. पण मूत्रपिंडाचा विकार असून डायलिसिस सुरू नसेल, तर जादा प्रथिने त्रासदायक ठरू शकतात. घरात मधुमेह, रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांसाठी. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे असते. ते जनावरांच्या कातड्या-हाडांपासून, डुकराच्याही, बनते. ते कोणत्या जनावराचे, हे वेष्टनावर नेहमी लिहिलेले नसते. शाकाहाराची हिरवी खूण पाहा, किंवा हलाल प्रमाणपत्र. एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांकही तपासा.

भगिनींनो, मुलाने डबा मागितला तर रागावू नका. त्याला तब्येत कमवायची आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. त्याला शेजारी बसवून वरचा हिशेब कागदावर मांडा. तीन हजारांत किती अंडी, किती डाळ, किती दूध येते, हे त्यालाच काढू द्या. गरजेशिवायचा खर्च म्हणजे इस्राफ, हे मग त्याला वेगळे समजवावे लागणार नाही.