नावडता भाग

२०११ सालच्या हिवाळ्यात न्यू जर्सीतील एका हॉटेलात 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी मालिकेच्या रसिकांचा मेळावा भरला होता. मी दादाकडे राहायला गेले होते आणि तो मला जवळजवळ ओढूनच तेथे घेऊन गेला. मोठ्या दालनात नटांच्या स्वाक्षऱ्यांसाठी रांग लागली होती. दादाला तिच्यात रस नव्हता. त्याने मला शेजारच्या लहान खोलीत नेले. तेथे तीस-चाळीस माणसे खुर्च्यांचे कडे करून बसली होती. काहींनी यानावरच्या गणवेशाचे सोनेरी, निळे, तांबडे सदरे चढवले होते आणि वयोमानाने ते बहुतेकांना पोटावर तंग होत होते. चर्चेचा विषय होता : मालिकेचा सर्वांत दुबळा भाग कोणता?

मला प्रथम नवल वाटले. इतक्या लांबून, पदरचे पैसे खर्चून आलेली माणसे गुणगान करतील, अशी माझी समजूत होती. नावडतीचे मीठ अळणी, असे आपण म्हणतो. येथे मात्र जन्मभराच्या आवडतीच्या हातचे मीठ कोठे कमी पडले, याची कसून चौकशी चालली होती. त्या चौकशीत द्वेष नव्हता. होती ती विलक्षण अचूक स्मरणशक्ती. टाकाऊ म्हणून ज्याची निंदा करायची, त्या भागातला एकेक प्रसंग या मंडळींना पाठ होता.

'स्टार ट्रेक'चा पहिला भाग अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी दाखवला गेला. तीन पर्वे आणि एकोणऐंशी भाग झाल्यावर १९६९ मध्ये ती मालिका बंद पडली. आमच्या इंदूरच्या वाड्यात ती पोहोचली ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवर, रविवारी सकाळी. संच शेजारच्यांचा होता आणि कृष्णधवल होता, त्यामुळे सदऱ्यांचे रंग आम्हांला कितीतरी वर्षांनी कळले. इंग्रजी संवाद मला निम्मेही समजत नसत. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो कानाशी लागून प्रसंग समजावून सांगे आणि जे त्यालाही कळले नसेल ते स्वतः रचून सांगे. पुढे त्याने अमेरिकेहून आणलेल्या ध्वनिचित्रफितींवर मी ते भाग नीट पाहिले, तेव्हा काही ठिकाणी दादाची कथा मूळ कथेपेक्षा सरस होती, असे माझे मत झाले.

त्या खोलीत सर्वांत आधी नाव निघाले ते 'स्पॉक्स ब्रेन' या भागाचे. अपेक्षेप्रमाणे ते दादानेच काढले. २० सप्टेंबर १९६८ रोजी दाखवलेला हा भाग. एक परकी स्त्री यानावर येते आणि स्पॉक या बुद्धिमान अधिकाऱ्याचा मेंदूच चोरून नेते. मग डॉक्टर त्याचे मेंदूविरहित शरीर दूरनियंत्रकाने चालवत ग्रहावर नेतात आणि मेंदू पुन्हा बसवताना अखेरीस स्पॉक स्वतःच त्यांना शस्त्रक्रियेच्या सूचना देतो. दादा हे सांगत असताना खोली हसून लोटपोट झाली होती.

हसणे ओसरल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी त्या भागाची बाजू मांडली. मला ती आजही महत्त्वाची वाटते. दुसऱ्या पर्वानंतर मालिका बंद होण्याच्या बेतात होती. रसिकांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि मालिका पुढे चालू राहील, असे १ मार्च १९६८ रोजी वाहिनीला पडद्यावरून जाहीर करावे लागले. पण नवे पर्व मिळाले ते शुक्रवारी रात्री दहाचे, म्हणजे तरुण प्रेक्षक घराबाहेर असण्याच्या वेळेचे. खर्चाला कात्री लागली. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी दैनंदिन कामातून दूर झाले. अशा पर्वाचा आरंभच 'स्पॉक्स ब्रेन'ने झाला. त्याचे लेखक जीन कून हे मालिकेच्या उत्तम लेखकांपैकी एक. या भागावर मात्र त्यांचे टोपणनाव आहे. ज्या पर्वासाठी रसिकांनी पत्रे लिहिली, त्याच पर्वाला ते चाळीस वर्षे हसत आले. तरीही या दुबळ्या पर्वामुळेच मालिकेचे भाग पुनःप्रक्षेपणाला पुरतील इतके झाले आणि पुनःप्रक्षेपणामुळेच ती जगभर पोहोचली. ते पर्व झाले नसते, तर इंदूरच्या वाड्यात रविवारी सकाळी आम्ही काय पाहिले असते, कोण जाणे.

मग पुढच्या पिढीच्या मालिका निघाल्या. १९८९ मधील 'शेड्स ऑफ ग्रे' या भागात रायकर हा अधिकारी आजारी पडून बेशुद्धावस्थेत जुन्या आठवणी पाहतो. आठवणी म्हणजे आधीच्या भागांतले तुकडे. १९८८ च्या लेखकांच्या संपाने ते पर्व आखूड झाले होते आणि आधीच्या काही भागांवर पैसाही जास्त उडाला होता. तेव्हा जुन्या कापडाची गोधडी शिवून वेळ मारून नेली. कुणीतरी लगेच आठवण दिली, की गोधडी तर १९६६ मध्येही शिवली होती. वाहिनीने नाकारलेला पहिला प्रायोगिक भाग नव्या कथेत गुंफून 'द मिनॅजरी' हा जोडभाग केला आणि त्याला १९६७ चे ह्यूगो पारितोषिक मिळाले. चणचण दोन्हीकडे होती. एकीकडे जुन्या तुकड्यांना नवा अर्थ मिळाला, दुसरीकडे ते तुकडेच राहिले. साहित्याच्या वर्गात तासभर सांगूनही जे विद्यार्थ्यांच्या गळी उतरत नाही, ते या मंडळींनी दोन वाक्यांत सांगून टाकले.

त्यानंतर साठीच्या आसपासची एक कृष्णवर्णीय बाई उभी राहिली. तिने १९८७ च्या 'कोड ऑफ ऑनर'चे नाव घेतले. त्यात एका परग्रहावरची सगळी माणसे काळी आहेत, त्यांचा सरदार यानावरच्या गोऱ्या अधिकारी स्त्रीला पळवून नेतो आणि आफ्रिकेविषयीच्या जुनाट गोऱ्या कल्पना त्या ग्रहावर जशाच्या तशा नांदत असतात. त्या मालिकेतल्या कलाकारांनीही पुढे या भागाबद्दल उघड नापसंती व्यक्त केली आहे. बाई शांतपणे बोलत होती. कुणी हसले नाही. तोवर खेळीमेळीने चाललेली चर्चा एकाएकी निराळ्या पातळीवर गेली. मला उमगले, की ही माणसे एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टींची मोजदाद करीत आहेत. कौशल्य कमी पडले, पैसा सरला, वेळ उरला नाही, हा एक दुबळेपणा. त्याला आपण हसतो, आणि हसता हसता क्षमाही करतो. ज्या विचारावर कलाकृती उभी आहे, तोच विचार ती ऐन वेळी विसरते, हा दुसरा. त्याला हसता येत नाही.

मी बोलायचे ठरवले नव्हते, तरी उठले. माझा नावडता भाग गेली अनेक वर्षे एकच आहे : 'टर्नअबाउट इन्ट्रूडर', मूळ मालिकेचा शेवटचा भाग, ३ जून १९६९ रोजी दाखवलेला. जॅनिस लेस्टर ही संशोधक स्त्री कप्तान कर्कशी शरीराची अदलाबदल करते, कारण तिला कप्तान व्हायचे आहे आणि कप्तानांच्या जगात स्त्रियांना प्रवेश नाही. कप्तानाच्या देहात शिरताच ती आततायी, आक्रस्ताळी होते आणि अखेर कोसळते. शेवटी कर्क तिच्याबद्दल हळहळतो : इतर कोणत्याही स्त्रीसारखे समृद्ध आयुष्य तिला जगता आले असते. मालिका संपते ती या हळहळीवर.

एका तरुणाने हरकत घेतली. ती स्त्री भ्रमिष्ट आहे, तिचे म्हणणे ते मालिकेचे म्हणणे कसे मानायचे? हरकत जुनीच होती. दादाने ती मला पत्रांतून आणि दूरध्वनीवरून किती वेळा ऐकवली होती. मी म्हटले, की आरंभीच्याच प्रसंगात ती हा अन्याय बोलून दाखवते, तेव्हा कर्क तिला खोडून काढत नाही; अन्याय आहे, हे मान्य करतो आणि विषय तेथेच राहतो. याच मालिकेच्या नाकारल्या गेलेल्या पहिल्या भागात यानावरची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी स्त्री होती. याच यानाच्या संदेशवहनाच्या आसनावर निशेल निकल्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीची उहुरा बसलेली पाहून मी मोठी झाले. आणि याच पृथ्वीवर व्हॅलेंतिना तेरेश्कोवा १९६३ मध्येच अंतराळात जाऊन आली होती. दोन-तीनशे वर्षांनंतरचे जग कल्पिणाऱ्यांना सहा वर्षांपूर्वीची बातमी आठवू नये? पडद्यावर एका यानाची कप्तान स्त्री दिसायला १९८६ चा चौथा चित्रपट यावा लागला आणि मालिकेची नायिका कप्तान व्हायला १९९५ ची 'व्हॉयेजर'. त्या 'व्हॉयेजर'मध्येही १९९६ साली 'थ्रेशोल्ड' नावाचा भाग निघाला. त्यात अतिवेगाच्या परिणामाने कप्तानीणबाई एका सहकाऱ्यासह पालीसारख्या प्राण्यात रूपांतरित होतात आणि त्यांना पिल्लेही होतात. त्या भागाच्या रंगभूषेला एमी पारितोषिक मिळाले. मी म्हटले, त्या भागावर माझा राग नाही. स्त्री कप्तानाच्याही वाट्याला एक हास्यास्पद भाग आला, ही समानताच झाली. खोली पुन्हा हसली. दादा हसला नाही.

त्याचे कारण आम्हां दोघांनाच ठाऊक होते. १९८८ साली मी बारावी झाले तेव्हा मला दादासारखेच अभियांत्रिकीला जायचे होते. गुण पुरेसे होते. प्रवेश मिळत होता तो परगावी, आणि मुलीने वसतिगृहात राहावे हे अण्णांना पटत नव्हते. ते कठोर नव्हते. मला समोर बसवून त्यांनी फार मायेने समजावले, की गावातच विज्ञानाची पदवी घे, शिक्षिका हो, तुझे आयुष्य छानच जाईल. दादा त्या वेळी सुट्टीत घरी आला होता. खिडकीशी वर्तमानपत्र वाचत बसला होता. तो एक शब्द बोलला नाही. मी पदवी घेतली, तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले, आणि अण्णांचे भाकीत बव्हंशी खरे ठरले. आयुष्य छानच गेले. पण १९९३ मध्ये दादाने आणलेल्या फितीवर कर्कची ती शेवटची हळहळ ऐकली तेव्हा मला अण्णांचा आवाज ऐकू आला. तेव्हापासून आम्ही दोघे त्या भागावर वाद घालत राहिलो. त्या दुपारविषयी कधीच बोललो नाही. काही घरांत जुने हिशेब असेच दुसऱ्याच कुणाच्या खात्यावर मांडले जातात.

२०२० च्या टाळेबंदीत आम्ही रविवारचा नेम पुन्हा सुरू केला. तो तिकडे रात्री, मी इकडे सकाळी, एकच भाग एकाच वेळी लावायचा आणि संगणकावरून बोलायचे. एकदा दादाने हट्टाने त्याचा 'स्पॉक्स ब्रेन' लावला. हसायच्या सगळ्या जागा आम्हांला पाठ होत्या. पण या वेळी माझे लक्ष मेंदूवरून ढळून त्या ग्रहावरच्या स्त्रियांकडे गेले. भूगर्भात राहणाऱ्या त्या देखण्या स्त्रियांना काहीही कळत नाही. त्या लहान मुलांसारख्या बोलतात, खेळतात. ज्ञान एका यंत्रात बंद आहे. ते डोक्यावर चढवले, की नेतीला घटकाभर शस्त्रक्रिया येते, नंतर ती सारे विसरते. म्हणून तर यांना एका बुद्धिमान पुरुषाचा मेंदू पळवून आणावा लागतो! सत्तावीस वर्षे मी या भागाला निव्वळ गंमत समजून हसले होते. निष्पाप दुबळा भाग एकीकडे आणि अक्षम्य दुबळा भाग दुसरीकडे, अशी जी नीटस वाटणी मी त्या खोलीत ऐटीत मांडली, तिच्यातली एक भिंत तेथेच ढासळली. हसू येते तेव्हा आपण नीट पाहत नाही, एवढेच त्यातून निष्पन्न झाले. वादाचे मोल मला तेव्हा खरे कळले. एकटीने पाहिले असते, तर मी तो भाग पुन्हा लावलाच नसता.

मी हे दादाला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. त्याच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक मला येथे ऐकू येत होती. मग तो म्हणाला, "त्या दिवशी मी पेपर वाचत नव्हतो गं. नुसता धरून बसलो होतो."

मला काय बोलावे सुचले नाही. पडद्यावर नावांची यादी सरकत होती. ती संपेपर्यंत आम्ही दोघे ती वाचत बसलो.

"तरी सगळ्यांत वाईट भाग हाच," तो शेवटी म्हणाला.

"मुळीच नाही," मी म्हटले. "पुढच्या रविवारी माझा लावू, मग बोल."