पोटखराबा

प्रिय बाबू,

परवा फोनवर म्हणालास, "ताई, त्या सड्यावर आहे काय? सातबाऱ्यावरसुद्धा पोटखराबाच लिहिलाय." मी एसटीत होते, शिवाय फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

आधी एक सांगते. सड्यावर आंब्याची कलमं लावायला माझा विरोध नाही. माझी कॉलेजची फी आप्पांनी आंब्याच्या पेट्यांवरच भरली. कातळाला सुरुंग लावायचा, खड्डे काढायचे, दुसरीकडून लाल माती आणून भरायची. आपल्या राजापूर तालुक्यात हे सगळेच करतात. मी मागतेय ते इतकंच, की तळीच्या पूर्वेचा पट्टा यंदा सोड आणि जेसीबी पश्चिमेकडून सुरू कर.

तुला आठवतं, मिरगाचा पाऊस पडून आठवडा झाला की गुरांमागे जाताना तिथे काय दिसायचं? काळ्या कातळाच्या भेगेत मूठभर माती, त्यात अरुंद पन्हळी पानं आणि वीत-दीड वीत दांड्यावर पांढरीशुभ्र लांब नळीची फुलं. दीपकाडी. शास्त्रीय नावही डिपकॅडी, त्यात आपल्या कोकणाचं नाव जोडलेलं, 'कोंकणेन्से'. एकोणिसाव्या शतकात डालझेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिची नोंद केली. आपल्या किनारपट्टीच्या सड्यांवर ती होते, जगात आणखी कुठे नाही. फूल गेलं की तीन कप्प्यांचं बोंड धरतं, उकललं की आत काळ्या चपट्या बिया. मग पानंही वाळतात आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत खाली नुसता कांदा.

माझा सगळा मुद्दा या कांद्याचा आहे. मार्चमध्ये सड्यावर येणाऱ्याला तिथे खरोखरच काही दिसत नाही. तापलेला दगड, वाळलेलं गवत. त्या महिन्यात सर्वेक्षण केलं तर अहवालात "उल्लेखनीय वनस्पती नाही" असं लिहिलं जाणार, आणि लिहिणारा खोटारडा ठरणार नाही. जूनमध्ये दीपकाडी, पुढे श्रावण-भाद्रपदात पाणथळ जागी गेंद आणि सीतेची आसवं. ही आसवं दिसायला नाजूक, पण मातीत सत्त्व नाही म्हणून जमिनीखालच्या इवल्या फुग्यांत पाण्यातले बारीक जीव पकडून खातात. नापीक जमिनीत जगायचे असे धंदे शिकलेली झाडं तू भरून आणलेल्या मातीत टिकणार नाहीत. दुसरं गवतच त्यांना दडपेल.

आता तू विचारशील, हे सरकारला माहीत नाही का? थोडं आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९८७ ते १९९० या काळात धोक्यातल्या वनस्पतींच्या लाल नोंदपुस्तकाचे तीन खंड काढले. जगाची लाल यादी आययूसीएन ही संस्था १९६४ पासून ठेवते. पण आपल्या देशात फुलं येणाऱ्या वनस्पतींच्या सुमारे १८,००० जाती, आणि त्यांतल्या मोठ्या भागाचं नीट मूल्यमापन झालेलंच नाही. यादीत नाही म्हणजे सुखरूप आहे, असा अर्थ लोक काढतात. बहुतेक वेळा अर्थ इतकाच, की कुणी मोजलं नाही.

मोजायचे नियम मात्र मला आवडतात, हिशोबी आहेत. जगात बीज धरणारी झाडं ५० पेक्षा कमी उरली तर अतिसंकटग्रस्त, २५० पेक्षा कमी तर संकटग्रस्त. नकाशावर दोन-दोन किलोमीटरचे चौकोन आखून वनस्पती किती चौकोनांत सापडते तेही बघतात. आणि 'स्थान' या शब्दाची व्याख्या ऐक: एका संकटाच्या एका फटक्याची झळ जिथल्या सगळ्या झाडांना लागू शकते, तेवढा भाग म्हणजे एक स्थान. त्या हिशोबाने आपला अख्खा सडा एकच स्थान, आणि फटका तुझ्या अंगणात उभा राहणार आहे.

मोजल्यावर कधी चांगलंही निघतं. शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी ही वनस्पती मोजक्याच जागी उरली असं पूर्वी मानत. मग शोधणारे इतर कड्यांवर गेले, तर ती आणखी ठिकाणी सापडली. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कंदीलपुष्पाच्या दुर्मिळ जाती हुडकल्या, बागेत वाढवल्या. पण बागेत वाढवणं प्रत्येकाला जमत नाही. एम.एस्सी.ला असताना मी दीपकाडीचे सहा कांदे खणून कुंडीत लावले होते. रोज पाणी घातलं, प्रेमाने. सहाही कुजले. तुला कधी सांगितलं नव्हतं, कारण ते त्याच पट्ट्यातले होते.

कायद्याचा धाक मी घालणार नाही. जैवविविधता कायद्यात धोक्यातल्या जाती अधिसूचित करायचं कलम आहे, पण अधिसूचना सड्यावर येऊन जेसीबी अडवत नाही. त्यापेक्षा तू पंचायतीत आहेस, त्याचा उपयोग कर. तिथल्या कपाटात लोकजैवविविधता नोंदवही आहे. दिवाळीत मी ती चाळली. स्थानिक वनस्पतींमध्ये आंबा, फणस, काजू. काजू! पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला काजू स्थानिक, आणि सड्यासाठी एक ओळ नाही. कुणी तरी चार दिवसांत भरून दिलेली दिसते. त्यात सड्याचं पान घालायचा ठराव तू मांडू शकतोस. काय कुठे उगवतं ते गुराखी सांगतील. तूच सांगशील, पावसाआधी डोळे मिटून तुला त्या भेगा दाखवता येतात, मला येत नाहीत.

तेव्हा एवढं कर. पहिला जोराचा पाऊस झाला की फोन कर, मी रात्रीच्या गाडीने निघते. फुलं थोडेच दिवस टिकतात. मीटर-मीटरचे चौकोन आखून फक्त फुलावरची झाडं मोजू, सकाळी दहापर्यंत, पुढे उजेडात पांढरं पांढऱ्यात मिसळतं. आकडा मोठा निघाला तर पट्ट्यातला कुठला भाग तुला देता येईल त्यावर भांडू. छोटीला बरोबर घे. फुलं शोधायला तिची उंची बरी. सुतळी मी आणते. खिळे आणू नकोस, कातळात शिरत नाहीत. कोपऱ्यांवर दगड ठेवू.

तुझी,
ताई